सातबारा गावाचा, जंगल देशाचं: त्सेर्नेत्सचं प्रकरण

१९०९ साल संपत आलं असताना स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाच्या एका डोंगरी गावाने आपली अख्खी दरी पंचवीस वर्षांच्या कराराने भाड्याने दिली. भाडेकरूला तिथे गुरं चारायची नव्हती, लाकूड तोडायचं नव्हतं, खाण खणायची नव्हती, हॉटेलही काढायचं नव्हतं. त्याला तिथे काहीच करायचं नव्हतं. गावानेही काही करू नये एवढीच त्याची अट होती, आणि या काहीही न करण्याचे तो दरवर्षी रोख पैसे मोजणार होता. असं गिऱ्हाईक कोणत्या गावाला नको असेल?

गावाचं नाव त्सेर्नेत्स, दरीचं वाल क्लुओत्सा. पुढे १ ऑगस्ट १९१४ ला याच कराराच्या पोटातून आल्प्समधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जन्माला आलं. स्वित्झर्लंडमध्ये आजही तेवढं एकच आहे. क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस किलोमीटर, आणि त्याचा सर्वात मोठा वाटा त्सेर्नेत्सच्या हद्दीत. जमीन मात्र अजून गावांचीच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा गावाचा, वहिवाट देशाची, आणि वहिवाट म्हणजे हात न लावणं.

याच गावाने पुढे २००० साली उद्यान वाढवायला नकार दिला. गावाचं निसर्गप्रेम आटलं, असं त्यावर म्हणता येईल. मला ते पटत नाही. गाव दोन्ही वेळा एकाच हिशेबाने वागलं असं माझं मत आहे, आणि तो हिशेब कळायला आधी गाव, त्याची जमीन आणि त्याची बोली बघायला हवी.

दोन नद्यांच्या संगमावर

ग्राउब्युंडन हा स्वित्झर्लंडचा क्षेत्रफळाने सर्वात मोठा कँटन, म्हणजे राज्य म्हणा. त्याच्या पूर्वेला एन नदीचं लांबलचक खोरं आहे. जर्मनमध्ये त्याला एंगाडिन म्हणतात, तिथल्या रोमांश भाषेत एंजादिना. नदी पुढे ऑस्ट्रियात जाऊन इन होते आणि जर्मनीत पासाऊ इथे डॅन्यूबला मिळते. त्सेर्नेत्स या खोऱ्याच्या साधारण मध्यावर, सुमारे १,४७० मीटर उंचीवर, एन आणि श्प्योल यांच्या संगमावर आहे. श्प्योल इटलीतल्या लिव्हिन्योहून येते. म्हणजे इटलीच्या त्या कोपऱ्यातला पाऊस भूमध्य समुद्राकडे न जाता त्सेर्नेत्सच्या पुलाखालून काळ्या समुद्राकडे निघतो.

गावाच्या दोन बाजूंचा दगड वेगळा आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला डोलोमाइट: फिकट, ठिसूळ, सतत ढासळणारा. डोंगराच्या कुशीत खडीचे लोटच्या लोट पडलेले, आणि पाणी दगडात मुरून नाहीसं होणारं. उत्तरेला सिल्व्रेत्ता डोंगररांगेचा कठीण, काळपट खडक. तिथे पाणी टिकतं. लाविन गावाच्या वरच्या माकून पठारावर २३ तळी आहेत, आणि नदीच्या पलीकडे ३,४१० मीटरचा पित्स लिनार्द, सिल्व्रेत्तातलं सर्वात उंच शिखर. दक्षिणेकडचं मोठं शिखर पित्स क्वात्तेरव्हाल्स. नावाचा अर्थच ‘चार दऱ्या’. त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या दऱ्यांतली एक वाल क्लुओत्सा.

१ जानेवारी २०१५ ला त्सेर्नेत्स, सूश आणि लाविन ही तीन गावं एक झाली. नव्या ‘कुम्युन दा त्सेर्नेत्स’चं क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर आणि माणसं दीड हजाराच्या आसपास. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या मानाने हे क्षेत्र फार मागे नाही. माणसं तिथल्या एका मोठ्या सोसायटीइतकी. कुम्युन म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हणावी तर अधिकार कितीतरी जास्त. जंगल, कुरणं आणि वाहतं पाणीसुद्धा त्यांच्याच हाती. ग्राउब्युंडनमध्ये नदीच्या पाण्यावर धरण बांधायचं तर परवानगी गावाकडे मागावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वापरून झालेली जमीन

उद्यानातून चालणाऱ्याला वाटतं की हे रान आदिम आहे. तसं ते नाही. गावातून पूर्वेकडे वर चढणाऱ्या खिंडीचं नाव पास दाल फुओर्न. फुओर्न म्हणजे भट्टी. मध्ययुगाच्या अखेरीपासून इथे लोखंडाचं खनिज काढून गाळत होते, आणि भट्टीला कोळसा हवा म्हणून आसपासची झाडं गेली. त्याहून मोठी भूक खाली ऑस्ट्रियात होती. इन्सब्रुकजवळच्या हालमध्ये खारं पाणी उकळून मीठ करत. त्या कढयांखाली जळणारं लाकूड एंगाडिनमधून नदीत सोडून वाहत नेलं जाई. श्प्योलच्या काठचं जंगल असंच ओंडक्या-ओंडक्याने खाली गेलं.

एकोणिसाव्या शतकातही मोठ्या तोडी झाल्या. आज फुओर्नच्या परिसरात डोंगरी पाइनचं जे दाट, काळोखं रान दिसतं, ते त्या तोडीनंतर एकदमच उगवलेलं आहे. म्हणून झाडं साधारण एका वयाची, एका उंचीची, एखाद्या शाळेच्या वर्गासारखी. क्लुओत्सा तर मुळातच अडचणीची दरी. अरुंद, खडी कोसळणारी, गुरं न्यायला अवघड, लाकूड आणायला त्याहून अवघड. शेवटची अस्वलंही हटली होती. १ सप्टेंबर १९०४ ला शेजारच्या श्कुओलच्या दोन शिकाऱ्यांनी वाल मिंजेरमध्ये एक अस्वल मारलं. स्वित्झर्लंडच्या मूळच्या अस्वलांपैकी मारलं गेलेलं ते शेवटचं.

कुरण भाड्याने देणं ही एंगाडिनला नवी गोष्ट नव्हती. इथल्या कितीतरी गावांची उंचावरची गायरानं उन्हाळ्यात इटलीतल्या बेर्गामोचे मेंढपाळ पैसे देऊन घेत. तेव्हा बाजल शहराहून कोणी साहेब आला आणि पडीक दरीचे पैसे देतो म्हणाला, तर गावाच्या दृष्टीने तो आणखी एक भाडेकरू होता. मेंढ्या नसलेला.

जळालेलं गाव

गावाला रोकड का हवी होती, याचं एक कारण गावाच्या चेहऱ्यावरच आहे. खालच्या एंगाडिनमधली घरं त्यांच्या भिंतींसाठी प्रसिद्ध आहेत. करड्या गिलाव्यावर पांढरा चुना द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून नक्षी, मासे, सूर्य, सुभाषितं काढायची. तशा भिंती बघायला त्सेर्नेत्सला जाल तर थोड्याच दिसतील. बहुतेक गाव सरळ रेषेतल्या, साध्या दगडी घरांचं आहे. ५ सप्टेंबर १८७२ ला गावाला आग लागली आणि शंभराहून अधिक घरं जळून गेली. त्याच्या तीन वर्षं आधी, १८६९ मध्ये, लाविन असंच जळालं होतं.

आग एवढी का पसरली हे जुन्या घराच्या रचनेत आहे. मोठ्या कमानी दारातून आत गेलं की ‘सुलेर’ नावाचा प्रशस्त ओटीवजा दालनाचा भाग लागतो. त्याच्या एका बाजूला ‘श्त्युवा’, म्हणजे सुवासिक आरोला पाइनच्या फळ्यांनी मढवलेली उबदार खोली. तिच्यामागे ‘च्यादाफ्यो’, म्हणजे चुलीची खोली. आणि सुलेर ओलांडून सरळ पुढे ‘ताब्ला’: गवताचं कोठार. गवताने भरलेली गाडी घरातूनच कोठारात जायची. आठ महिन्यांचा हिवाळा असलेल्या मुलुखात हे फार सोयीचं, बाहेर पाऊल न टाकता गुरांना चारा घालता येतो. पण माणूस, चूल आणि वर्षाचा सुका चारा एकाच छपराखाली. वर घराला घर लागलेलं. सप्टेंबरात कोठारं नुकतीच भरलेली असतात.

गाव पुन्हा उभं राहिलं ते रुंद रस्त्यांचं, मोकळं. टेकाडावरचं १६०९ चं चर्च आणि पायथ्याचा प्लांटा-विल्डनबेर्ग वाडा तेवढे वाचले. प्लांटा घराणं एकेकाळी या खोऱ्यातलं बलाढ्य घराणं. आज त्यांच्या वाड्यात कचेऱ्या आहेत.

च्याझा आणि च्येझा

आता बोलीकडे वळतो, कारण या गावाची आपल्या जमिनीबद्दलची खोड आणि आपल्या भाषेबद्दलची खोड मला एकच वाटते.

रोमांश ही लॅटिनची लेक. रोमनांनी आल्प्स जिंकल्यावर इथे रुजलेल्या लॅटिनचं हे दऱ्याखोऱ्यांत टिकलेलं रूप. २००० च्या जनगणनेत सुमारे ३५ हजार लोकांनी ती आपली मुख्य भाषा सांगितली. एवढ्याशा लोकांत लिहिण्याच्या पाच वेगळ्या रीती आहेत. त्सेर्नेत्सची वाल्लादेर. गावातून नदीच्या वरच्या अंगाला ब्राइलपर्यंत गेलं की पुंत ओता येतं, ‘उंच पूल’. तिथे खालचं एंगाडिन संपून वरचं सुरू होतं आणि बोली पुतेर होते. पुलाच्या अलीकडे घराला ‘च्याझा’ म्हणतात, पलीकडे ‘च्येझा’. एका स्वराचा फरक, पण दोन्हीकडचे लोक तो स्वर सोडत नाहीत. आमच्याकडे ‘करतंय’ आणि ‘करतंयसा’वरून माणसाचं गाव ओळखतात, तसंच.

या दोन रीती छापखान्यात पोहोचल्या त्या दोन वर्षांच्या अंतराने. १५६० मध्ये समेदानच्या याकियाम बिफ्रुनने बायबलचा नवा करार पुतेरमध्ये आणला. १५६२ मध्ये दुरिख च्याम्पेलने स्तोत्रांचं पुस्तक वाल्लादेरमध्ये छापलं. च्याम्पेल सूशचा, म्हणजे आजच्या त्सेर्नेत्स कुम्युनचाच माणूस. आणि त्याच्या घरातली एक गोष्ट या सगळ्या खोऱ्याच्या धर्मांतराला कारण झाली. १५३७ साली दुरिख शिकायला बाहेरगावी असताना त्याच्या बायकोला मुलगी झाली. मूल अगदी अशक्त होतं, जगेलसं वाटेना. सुधारकी, म्हणजे प्रोटेस्टंट, पंथाचा पाद्री जवळपास नव्हता. तेव्हा आजोबांनी, दुरिखच्या वडिलांनी, आपल्याच हाताने नातीला बाप्तिस्मा दिला. पाद्री नसलेल्या माणसाने दिलेला बाप्तिस्मा! केवढा गहजब झाला असेल याची कल्पना आपल्याला यावी; आपल्याकडे कोणी कोणाच्या हातचं पाणी घ्यावं यावरून काय काय झालेलं आहे. वाद इतका पेटला की १५३७ संपून १५३८ लागताना सूशमध्ये दोन्ही पंथांच्या मंडळींची जाहीर वादसभा भरली. त्यानंतर एकेक गाव नव्या पंथाकडे वळत गेलं, आणि नवा पंथ म्हणजे लोकांच्या बोलीत प्रवचन, बोलीत पुस्तक. वाल्लादेर लिहिती झाली ती अशी.

१९३८ च्या फेब्रुवारीत स्विस मतदारांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी रोमांशला देशाची चौथी राष्ट्रभाषा केलं. मग १९८२ मध्ये झ्युरिकचे भाषापंडित हाइनरिख श्मिड यांनी पाचपैकी तीन मोठ्या रीतींतून मधली वाट काढून एक सामायिक लेखी भाषा आखली, रुमांच ग्रिशुन. कागदावर काम उत्तम होतं. कचेऱ्यांनी ती उचलली. शाळेत आणायची वेळ आली तेव्हा मात्र आई-बाप उभे राहिले. शेजारच्या वाल म्युश्ताइरने २००७ मध्ये ती शाळेत घेतली आणि २०१२ मध्ये मत देऊन पुन्हा वाल्लादेर आणली. एंगाडिनने तर ती शाळेत घेतलीच नाही. नकाशावर शहाणपणाची दिसणारी गोष्ट प्रत्येक गावाने आपल्या उंबऱ्यावर थांबवून विचारली: यात आमचं काय राहतं?

करार

बाजलचे पाउल साराजिन हे निसर्ग अभ्यासक. चुलतभाऊ फ्रित्सबरोबर त्यांनी सिलोन आणि सेलेबीस बेटांवर वर्षं घालवली होती. आल्प्समध्ये रेल्वे, हॉटेलं, दोरवाटा यांचं पेव फुटलेलं होतं. मॅटरहॉर्नच्या माथ्यापर्यंत गाडी न्यायची योजना १९०७ च्या सुमारास पुढे आली तेव्हा देशभर ओरड झाली. साराजिन आणि झ्युरिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल श्र्योटर यांना असा एक तुकडा हवा होता की जिथे माणूस फक्त बघेल. एक शोधपथक, काही पत्रं, बऱ्याच बैठका. वयोवृद्ध वनाधिकारी योहान कोआत्स आणि शिक्षक श्टाइवान ब्रुनिएस या दोघांची मुळं त्सेर्नेत्सच्या शेजारच्या श्चांफची. त्यांना या दऱ्या पावलापावलाने माहीत होत्या.

पैसा कुठून आणायचा? १९०९ मध्ये निसर्ग संरक्षणासाठी एक संघटना काढली आणि वर्षाची वर्गणी ठेवली एक फ्रँक. आजची प्रो नातुरा ती हीच. पहिली दरी या फ्रँक-फ्रँकने भाड्याने घेतली गेली. १९१० मध्ये क्लुओत्सात ओंडक्यांची झोपडी उभी राहिली, ती अजून आहे. पण दऱ्या वाढल्या तसं भाडं वर्गणीत बसेना, तेव्हा संघटना केंद्र सरकारच्या दारात गेली. ठरलं ते असं: गावांना भाडं सरकार देईल, राखणदारीचा खर्च संघटना करेल, संशोधन शास्त्रज्ञांची संस्था बघेल. १९१३ च्या अखेरीस त्सेर्नेत्सने सरकारशी करार केला, ३ एप्रिल १९१४ ला संसदेने ठराव केला. त्याच १९१३ मध्ये बेव्हेरहून श्कुओलपर्यंतची रेटियन रेल्वे सुरू झाली आणि त्सेर्नेत्सला स्टेशन मिळालं. उद्यान आणि गाडी एकाच सुमारास यावी, हा योगायोग गावाला पुढे फार फळला.

करारात गावाने काय सोडलं? चराई, तोड, शिकार. हिवरे बाजार किंवा राळेगणसिद्धीचं नाव ऐकलेल्या मराठी वाचकाला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे बंदी घातली ती गवत-पाणी वाढावं आणि मग गावाने ते वापरावं म्हणून. इथे वापर कधीच सुरू व्हायचा नव्हता. आपल्या जुन्या देवराईची शिस्त याला जास्त जवळची. पडलेली काटकी उचलायची नाही. हरणाचं गळलेलं शिंग सापडलं तरी तिथेच ठेवायचं. फूल नाही, आळंबी नाही, शेकोटी नाही, कुत्रा बरोबर नाही, दोरीला बांधूनसुद्धा नाही. आखलेली पायवाट सोडायची नाही. हिवाळ्यात उद्यान माणसांना बंद. फक्त इथे देव नाही, वनरक्षक आहे.

खुंट्यांमधलं गवत

देऊळ नव्हतं, पण मोजदाद होती. १९१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ योसियास ब्राउन-ब्लाँके यांनी उद्यानात छोटे चौकोन आखून घेतले. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि आत उगवणारी एकूणएक वनस्पती नोंदवायला सुरुवात केली. काही वर्षांनी पुन्हा येऊन तोच चौकोन, तीच मोजणी. माणसं बदलली, नोंदी चालू राहिल्या. शंभरावर वर्षांची ही वही मला उद्यानातल्या कोणत्याही शिखरापेक्षा थोर वाटते.

अपेक्षा साधी होती. गुरं गेली की कुरणं पाइनच्या रानात बुडतील. झालं वेगळंच. फुओर्नजवळचं श्ताबेलच्योद हे जुनं गुरांचं कुरण. गुरांनी शतकानुशतकं शेण टाकून तिथली माती सकस केलेली. एकोणिसाव्या शतकात या भागातून नाहीशी झालेली तांबडी हरणं विसाव्या शतकात आपल्या पायांनी परत आली, आणि थेट या सकस गवतावर तुटून पडली. हरणांनी गवत इतकं आखूड कुरतडलं की उंच, दांडगी झुडपं मागे पडली आणि बारक्या वनस्पतींना जागा मिळाली. चौकोनांतल्या जातींची संख्या वाढली. रान पुढे सरकतंय, पण इतकं हळू की कुरणाचं जंगल व्हायला शतकं लागतील. गावाच्या गुरांनी केलेल्या मातीवर गावाने न मागितलेली हरणं जगताहेत; निसर्गाला मोकळं सोडलं तरी त्याला गावाचा वारसा टाकता आला नाही.

हरणं एवढी झाली की साठ-सत्तरच्या दशकांत कडक हिवाळ्यांत उपासमारीने मरून पडू लागली. आयबेक्स, म्हणजे डोंगरी रानबोकड, १९२० मध्ये मुद्दाम आणून सोडले. दाढीवाली गिधाडं १९९१ ते २००७ दरम्यान श्ताबेलच्योदमध्ये पिल्लं आणून सोडली, एकंदर २६.

पाणी वेगळं

श्प्योल उद्यानाच्या मधून वाहते, पण पाण्यावरचा हक्क गावाने सोडलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची मागणी वाढली आणि तो हक्क सोन्याचा झाला. विजेची कंपनी १९५४ मध्ये निघाली, तिचं मुख्यालय त्सेर्नेत्समध्येच. १९५७ मध्ये इटलीशी करार झाला. निसर्गवादी खवळले, आणि प्रकरण देशाच्या मतपेटीत गेलं. ७ डिसेंबर १९५८ ला स्विस मतदारांनी सुमारे तीन चतुर्थांश मतांनी कराराच्या बाजूने कौल दिला. मग पुंत दाल गाल इथे १३० मीटर उंचीचं कमानी धरण उभं राहिलं. देशांची सीमा त्या भिंतीवरूनच जाते. मागचा जलाशय बहुतेक लिव्हिन्योकडे, इटलीत. खाली उद्यानाच्या वाट्याला नदीची एक बारीक धार उरली.

जपलेल्या जंगलातून मेलेली नदी. १९५८ चा तो कौल मला आजही खटकतो, पण गावाला दोष द्यावासा वाटत नाही. धरणाचं पाणीभाडं आणि नोकऱ्या नसत्या तर सत्तरच्या दशकात हे खोरं तरुणांनी रिकामं केलं असतं, आणि वाल्लादेर बोलायला तरी कोण उरलं असतं? २००० पासून धरणातून ठरवून कृत्रिम पूर सोडतात. साचलेला गाळ धुऊन निघतो, ट्राउट माशांना अंडी घालायला स्वच्छ खडी मिळते. हा उपाय चांगला चालला. पण २०१३ च्या वसंतात धरणातून गाळ सुटून हजारो मासे मेले, आणि २०१६ मध्ये धरणाच्या दुरुस्तीत जुन्या रंगातलं पीसीबी हे विषारी रसायन नदीत उतरलं. जगातल्या सर्वात कडक जपलेल्या उद्यानांपैकी एकाच्या तळाशी विष! ते कोणी आणि कुठवर साफ करायचं, यावर मग वर्षानुवर्षं वाद चालला.

दुसरं उत्तर

आता २०००. उद्यान वाढवायची योजना होती: गाभा मोठा करायचा आणि भोवती एक संरक्षित पट्टा आखायचा. लाविनने आपलं माकून पठार, साडेतीन चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त, १ ऑगस्ट २००० ला उद्यानाला दिलं. त्सेर्नेत्सने मात्र पुढच्या योजनेला नाही म्हटलं.

दोन गावं शेजारी, बोली एक, मग उत्तरं वेगळी का? माकून म्हणजे दगड आणि तळी. त्सेर्नेत्सकडे मागत होते ती गावाभोवतीची जिती जमीन. जिथे सप्टेंबरात शिकार होते, पावसानंतर आळंबी गोळा करतात, ट्रॅक्टर जातो, जळणाचं लाकूड येतं. ग्राउब्युंडनमध्ये सप्टेंबरची शिकार म्हणजे हौशी श्रीमंतांचा खेळ नव्हे. सुतार, शिक्षक, पोस्टमन परवाना काढून डोंगरावर जातात, रजा त्यासाठी राखून ठेवतात. पट्ट्यात आज नाही तर उद्या काय काय बंद होईल, ही भीती होती. १९१३ मध्ये गावाने वापरून झालेली जमीन दिली होती. २००० मध्ये वापरातली मागितली गेली.

पुढे देशात जे झालं त्याने या हिशेबाला पुष्टीच मिळाली. नव्या कायद्यानुसार नवं राष्ट्रीय उद्यान करायचं तर गावांचं मत लागतं. २०१६ च्या नोव्हेंबरात पार्क अदुलाच्या योजनेवर १७ गावांनी मत दिलं; आठ गावं विरोधात गेली आणि तेवढ्यानेच योजना बुडाली. २०१८ च्या जूनमध्ये लोकार्नो भागातली योजनाही बहुतेक गावांनी पाडली. त्सेर्नेत्समध्ये मात्र उद्यानाशी कोणाचं भांडण नाही. २००८ मध्ये वास्तुकार वालेरिओ ओल्जाती यांनी बांधलेलं पांढऱ्या काँक्रीटचं, बिनसजावटीचं उद्यान केंद्र गावात उभं आहे. जळालेल्या गावाच्या साध्या घरांशेजारी ते मला मुळीच विजोड वाटत नाही. वर्षाला लाखाच्या वर माणसं उद्यान बघायला येतात. १९९९ मध्ये सूश-लाविनजवळ निघणारा १९ किलोमीटरचा वेराइना बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही खोरं उत्तरेशी जोडलेलं असतं. आणि १ मार्चला च्यालांदामार्त्सला शाळकरी पोरं गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून, हिवाळा हाकलायला, गावातल्या पाणवठ्यांभोवती गाणी म्हणत फिरतात. वाल्लादेरमध्ये.

उद्यानाची हद्द कुठे कड्यावरून जाते, कुठे ओढ्यावरून. तिथे कुंपण नाही. सप्टेंबरात बंदुकांचे आवाज सुरू झाले की तांबडी हरणं त्या रेषेच्या आत सरकतात. ती कुठे आहे हे त्यांना पक्कं कळलेलं आहे. म्हणून उरलेली शिकार नोव्हेंबर-डिसेंबरात, बर्फाने हरणं खाली उतरल्यावर, वेगळी ठेवावी लागते. लांडग्यांना ही रेषा अजून नीट उमगलेली नाही. फुओर्नच्या कळपाने गुरं मारल्यावर २०२४ मध्ये सगळा कळप मारायची परवानगी मिळाली. कळपाचा बहुतेक मुलूख उद्यानाच्या आत, आणि आत गोळी चालत नाही. तेव्हा शिकारी बाहेर, गावाच्या जमिनीवर, दुर्बीण लावून बसले.